एसी गार, पण हवा येईना : अकोल्याच्या उन्हाळ्यात गाडीमागे घालवलेले दोन महिने

६ एप्रिल २०२४, शनिवार. सासूबाईंच्या डोळ्याच्या पडद्याचे उपचार अमरावतीला चालू आहेत, महिन्यातून एकदा इंजेक्शन असतं. अकोल्याहून सकाळी निघायचं, शंभरेक किलोमीटर जायचं आणि डोळ्यावर पट्टी घेऊन भर दुपारी परत यायचं. त्या दिवशी बडनेरा मागे पडलं आणि मागच्या सीटवरून आईंनी विचारलं, "एसी लावला नाहीस का गं?"

एसी लावलेला होता. ब्लोअर चारवर होता आणि आवाज एवढा की बोललेलं नीट ऐकू येत नव्हतं. जाळीसमोर हात धरला तर हवा गार होती, पण कुणी हळूच फुंकर मारावी तेवढीच. मागच्या सीटपर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. मूर्तिजापूरला थांबून नॅपकिन भिजवला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला. तिथून अकोल्यापर्यंत तो तीनदा भिजवावा लागला. घरी पोचल्यावर त्यांना उलटी झाली आणि संध्याकाळपर्यंत त्या उठल्या नाहीत. ७४ वर्षांचं माणूस माझ्या गाडीत असं तापलं, ही गोष्ट मला फार लागली. पुढचं इंजेक्शन ४ मेला होतं. तोवर गाडी दुरुस्त व्हायला हवी, एवढंच डोक्यात होतं. प्रत्यक्षात मे महिना संपला. या काळात काय काय झालं ते तारखांसकट लिहून ठेवते, कारण मला सुरुवातीला हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

गाडी २०१३ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक. २०१९ मध्ये सेकंडहँड घेतली. मी शिक्षिका आहे, नवरा नोकरीसाठी पुण्यात, त्यामुळे गाडीचं सगळं मीच बघते.

गुढीपाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, शाळा सुटल्यावर गाडी घराजवळच्या एसीच्या दुकानात नेली. तिथल्या मुलाने बटण दाबलं, जाळीला हात लावला आणि म्हणाला, "मॅडम, गॅस कमी झाला असीन. भरून देतो, अर्ध्या घंट्यात बर्फावानी." मी हो म्हटलं. १,८०० रुपये दिले. हवा खरंच आणखी गार झाली, पण जोर तेवढाच राहिला. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, दोन दिवस चालू द्या, सेट होईल. दोन दिवसांनी काही सेट झालं नव्हतं.

इथली चूक माझी, कारण तक्रार सांगताना मी म्हणाले होते, "एसी नीट चालत नाही." गारवा आणि हवेचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गारव्याचं काम गॅस, कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर करतात. हवेचा जोर येतो ब्लोअरमधून, आणि तो वाटेत अडतो फिल्टरला, कूलिंग कॉइलला (हिच्यातून जाताना हवा गार होते), डॅशबोर्डच्या आतल्या झडपांना किंवा नळ्यांना. गॅस कितीही भरा, अडलेली हवा सुटत नाही. दुकानात गेल्यावर "थंड होत नाही" म्हणायचं की "हवा येत नाही" म्हणायचं, हे आधी स्वतःशी नक्की करा. पहिल्याच वाक्यावरून समोरचा माणूस हात कुठे घालायचा ते ठरवतो.

१४ एप्रिलला रविवार होता. सकाळी सहाला गाडी कडुनिंबाखाली उभी असतानाच मी वही घेऊन बसले. शाळेत प्रयोगवही लिहून घेतो तसं एकेक करून बघितलं. टिश्यू पेपरची पट्टी जाळीपासून वीतभर अंतरावर धरायची आणि ती किती हलते ते लिहायचं, एवढंच साधन.

आधी चारही नंबर फिरवले. प्रत्येक नंबरला आवाज बदलत होता, पट्टी मात्र चारवरही नुसती थरथरत होती. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो आणि खालच्या नंबरांवर गप्प राहतो, तेव्हा बहुतेक वेळा रेझिस्टर, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा भाग, जळालेला असतो. माझं तसं नव्हतं. मग एसी बंद ठेवून नुसता पंखा लावला. तरी तेवढाच जोर, आणि तोही पहिल्या मिनिटापासून. सुरुवातीला हवा चांगली येते, अर्ध्यापाऊण तासाने मंदावते आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत येते, असं होत असेल तर कॉइलवर बर्फ धरतो आहे असं समजायचं. त्यात सेन्सर किंवा गॅस तपासावा लागतो. तेही माझं नव्हतं. नंतर हवेची दिशा बदलली. तोंडावर, पायांवर, समोरच्या काचेवर, तिन्हीकडे सारखीच कमी. म्हणजे एखादी झडप अर्धवट अडकली असती तर एका बाजूला जोर आणि दुसरीकडे काही नाही असं दिसलं असतं, तसं नव्हतं. शेवटी बाहेरची हवा आणि आतली हवा यांची कळ इकडून तिकडे केली. फरक शून्य. म्हणजे वायपरखालची, बाहेरची हवा आत घेणारी जाळी पालापाचोळ्याने बुजलेली असली, तरी मुख्य कारण ते नाही.

एवढं झाल्यावर उरलं काय? फिल्टर, पंख्याचं चाक आणि कॉइल. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली, खर्च काही नाही. हीच तपासणी १० तारखेच्या आधी केली असती तर १,८०० रुपये वाचले असते.

त्याच सकाळी डॅशबोर्डचा डावीकडचा कप्पा काढला. दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो. मागे एक आडवी प्लास्टिकची पट्टी असते, ती काढली की फिल्टर बाहेर ओढता येतो. मी पट्टी काढली. आत फिल्टर नव्हताच. आधी वाटलं, मीच चुकीच्या जागी बघते आहे. मग कळलं की त्या काळी बऱ्याच गाड्यांच्या साध्या मॉडेलमध्ये कंपनी फिल्टर देत नसे. खाच असे, पण मोकळी. पाच वर्षं मी ही गाडी चालवली आणि त्याच्या आधी पहिल्या मालकाने सहा. अकरा वर्षांची धूळ थेट आत गेली होती.

त्या खाचेतून मोबाइल आत सरकवून, टॉर्च लावून फोटो काढला. कॉइल म्हणजे ॲल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांची जाळी, चमकणारी, एवढं मला वाचून माहीत होतं. फोटोत चमक कुठेच नव्हती. करड्या रंगाचा एक थर होता, जुन्या गोधडीच्या आतल्या कापसासारखा दाबून बसलेला, आणि त्यातून कडुनिंबाच्या पानांच्या काड्या वर आल्या होत्या.

आवाजाचंही कोडं तेव्हा सुटलं. व्हॅक्युम क्लीनरच्या नळीवर हात ठेवला की त्याचा आवाज चढतो, कारण हवा ओढायची नसल्यामुळे मोटर हलकी होऊन जोरात फिरते. माझा ब्लोअरही तसाच रिकामा ओरडत होता. मोठा आवाज म्हणजे ब्लोअर जोरात हवा देतोय, हा समज मनातून काढून टाका.

१८ एप्रिलला फोटो घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तिथल्या ॲडव्हायझरने फोटो नीट बघितला. त्याच्या मते डॅशबोर्ड उतरवून कॉइल, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस बेताने सोडणारी झडप) आणि ब्लोअर मोटर तिन्ही नवीन घालावे लागणार होते. मी अंदाजपत्रक लेखी मागितलं. मजुरी आणि गॅसवर १८ टक्के जीएसटी, सुट्या भागांवर तेव्हा २८ टक्के, सगळं धरून साधारण २४ हजार. मी विचारलं, कॉइल लीक नाही, मग धुऊन परत नाही का बसवता येणार? तो म्हणाला, धुतलेल्या भागाची वॉरंटी आम्ही देत नाही. त्याच्या जागी ते बरोबरच होतं. पण ब्लोअर मोटर न तपासता का बदलायची, याचं उत्तर मिळालं नाही. कागद घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. लेखी अंदाजपत्रकातला प्रत्येक भाग वेगळा लिहून घ्या. पुढे दुसऱ्या मेकॅनिकशी बोलताना मला तोच कागद उपयोगी पडला.

मग निवडणूक आली. अकोला आणि अमरावती दोन्हीकडे २६ एप्रिलला मतदान होतं आणि मला ड्यूटी होती. प्रशिक्षण, २५ला साहित्य ताब्यात घेणं, २६ला रात्री उशिरापर्यंत यंत्रं जमा करणं. त्या आठवड्यात गाडीकडे बघायलाही झालं नाही.

२८ एप्रिलच्या रविवारी मी एक उद्योग केला, तो कुणी करू नये म्हणून सांगते. एसी साफ करायचा फोमचा डबा ४५० रुपयांना आणला आणि नळी खाचेतून आत घालून अख्खा डबा मारला. गाडीखालच्या नळीतून चहाच्या रंगाचं थोडं पाणी आलं. मला वाटलं, जमलं. पण तो थर भिजून फुगला होता. पुढचे दोन दिवस हवा होती त्याहूनही कमी झाली आणि गाडीत ओल्या पोत्याचा वास भरला. फोम चांगला आहे, पण कॉइलवर पातळ धूळ असेल किंवा वास येत असेल तेव्हा. जाड थरावर ओलं काही मारलं तर चिखल होतो. शिवाय काही गाड्यांत रेझिस्टर आणि त्याचे वायर तिथेच जवळ असतात, त्यांच्यावर पाणी जाणं धोक्याचं.

४ मे उजाडला आणि गाडी तशीच होती. त्या दिवशी पहाटे साडेचारला निघालो. दवाखान्यात फोन करून पहिला नंबर मागून घेतला होता, अडचण सांगितल्यावर त्यांनी लगेच दिला. परत यायला तरी अकरा वाजले. मागच्या काचांना ओल्या सुती चादरी लावल्या होत्या. आई काही बोलल्या नाहीत, पण मूर्तिजापूरच्या पुढे मी आरशात दर दोन मिनिटांनी त्यांच्याकडे बघत होते. गाडी दुरुस्त होईपर्यंत कुणावर अशी वेळ आली तर प्रवासाची वेळ बदला, आणि डॉक्टरांकडे मागायला संकोच करू नका.

शाळेच्या सहकाऱ्याने एका जुन्या एसी मेकॅनिकचा पत्ता दिला. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. ११ मे, शनिवार, सकाळी सात. त्यांनी एसीच्या बटणाला हात लावायच्या आधी माझी वही मागितली. चारही नंबर, तिन्ही दिशा, एसी चालू-बंद, सगळं वाचलं. मग फोटो बघितला आणि म्हणाले, "ताई, याच्यात गॅस काय करीन? हवाच पुढं जाऊन नाही रायली."

कप्प्याखाली आडवं झोपून त्यांनी ब्लोअर उतरवला. तीन स्क्रू आणि एक प्लग, बस्स. प्लगवर मीटर लावून इंजिन चालू ठेवायला सांगितलं. चार नंबरवर १३ व्होल्टच्या आसपास आकडा आला. मोटर हाताने फिरवली, ती सहज फिरली, कुठे खरखर नाही. मोटर चांगली आहे, हे दहा मिनिटांत कळलं. पंख्याचं चाक मात्र बघण्यासारखं होतं. पिंजऱ्यासारखं गोल, त्याच्या पात्यांमधल्या फटी धुळीने भरलेल्या. दात घासायच्या ब्रशने त्यांनी एकेक फट मोकळी केली. मग ब्लोअरच्या जागेतून आणि खाचेतून, लांब दांड्याच्या मऊ ब्रशने कॉइलवरचा थर कोरडाच खरवडून व्हॅक्युमने ओढून घेतला. "आधी सुकं काढा लागते, मंग ओलं. तुमी उलटं केलं." त्यांच्या सुरात दोष देणं नव्हतं, शिकवणं होतं.

ब्लोअर बसवल्यावर पट्टी चांगली हलायला लागली. मी खूश झाले. त्यांनी मान हलवली. हात पोचला तो वरचा भाग मोकळा झाला, खालचा अर्धा अजून बंद आहे, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. ५०० रुपये घेतले आणि म्हणाले, एवढ्यावर भागत असेल तर राहू द्या, नाहीतर डॅशबोर्ड उतरवून कॉइल बाहेर काढू. मी आईंना मागे बसवून गावात एक चक्कर मारली. मागे अजून हवा पोचत नव्हती. फोन करून तारीख मागितली. सीझन होता, २५ मे मिळाली.

२५ मेला अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर होता. त्याच दिवशी उष्णतेच्या लाटेमुळे जिल्ह्यात ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू झालं. उस्तादांनी काम सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर, असं दोन दिवसांत वाटलं. मी दोन्ही सकाळी तिथेच बसले. घरून माठातलं पाणी आणि ताक नेलं होतं.

आधी मशीन लावून गॅस काढून घेतला. गॅस उगाच हवेत सोडू नये, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. गाड्यांमधला आर-१३४ए हा गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जोरदार आहे. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहेत त्यांनी वायर काढल्यावर काही मिनिटं थांबल्याशिवाय कुणाला डॅशबोर्डला हात लावू देऊ नये. प्रत्येक प्लग सुटायच्या आधी मी त्याचा फोटो घेत होते, आणि त्यांचा मुलगा स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांमध्ये ठेवून वाटीत चिठ्ठी टाकत होता. ५८ फोटो झाले. परत जोडताना त्यातले तीन-चार खरोखर लागले.

कॉइल बाहेर आली तेव्हा आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो. वहीएवढी चौकोनी, आणि हवा जिथून आत शिरते ती बाजू पूर्ण लिंपलेली. उस्तादांनी एका कोपऱ्यातून थर उचलला तर तो संत्र्याच्या सालीसारखा सलग निघत गेला. तो मी हातात घेऊन बघितला. वर कडुनिंबाच्या काड्या आणि वाळलेला मोहर. मधे कापसाचे तंतू, कारण आमच्या भागात हंगामात कापसाच्या गाड्यांमागे रस्ताभर रुई उडते. आणि खाली मुरमासारखी बारीक लालसर धूळ. ती कुठली, ते मला बघताच कळलं. अमरावती-अकोला महामार्ग किती वर्षं उखडलेला होता ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. जून २०२२ मध्ये त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली. त्याच्या आधी मी त्याच धुळीतून, बाहेरची हवा आत घेणारी कळ उघडी ठेवून, फिल्टर नसलेली गाडी चालवत होते. धुळीच्या रस्त्यावर ती कळ बंद ठेवायची असते, हे मला आता माहीत आहे.

कॉइल कमी दाबाच्या पाण्याने मागच्या बाजूने धुतली, म्हणजे कचरा आला तसाच उलटा निघाला. वाकलेले पापुद्रे बारीक कंगव्यासारख्या हत्याराने सरळ केले. मग दाब भरून पाण्यात बुडवली. दहा मिनिटं सगळे बुडबुडा शोधत होतो, एकही आला नाही. कॉइल तीच परत वापरायची ठरली. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) आणि ओ-रिंग (जोडांवरच्या रबरी कड्या) नवीन घातल्या, कारण सिस्टम उघडली की त्या बदलणं शहाणपणाचं. पाणी बाहेर सोडणारी नळी तारेने नव्हे, हवेने साफ केली. ही नळी तुंबली तर पाणी पुढच्या डावीकडच्या सीटसमोर पायाखाली साचतं, तो ओलावा दिसला तर आधी तिथे बघा.

२६ तारखेला संध्याकाळी आतली हवा आणि ओलावा ओढून घ्यायला व्हॅक्युम पंप चाळीस मिनिटं लावून, बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिले आहेत तेवढाच गॅस वजन करून भरला. आणि रिकाम्या खाचेत फिल्टर बसवला, किंमत ३५० रुपये. त्याच्या कडेला बाण असतो, तो हवेच्या दिशेने ठेवायचा.

मजुरी ४,०००, व्हॉल्व्ह-ड्रायर-ओ-रिंग २,१००, गॅस १,७००, फिल्टर ३५०. त्या दिवसाचे ८,१५० झाले. आधीचे गॅसचे १,८००, फोमचे ४५० आणि ११ मेचे ५०० धरून एकूण १०,९००. बिल मागितलं तर उस्तादांनी पावतीपुस्तकावर भाग वेगळे लिहून दिले, आणि जुने काढलेले भाग पिशवीत घालून हातात ठेवले.

घरी येताना चालकाच्या उजवीकडची जाळी मात्र मंद वाटली. बाकी तीन जाळ्यांसमोर पट्टी आडवी होत होती, इथे अर्धीच. मला रडूच येणार होतं. २८ला परत गेले. त्यांनी टॉर्च मारला आणि म्हणाले, नळी खोबणीत बसली नाही. पाच मिनिटांत ती दाबून बसवली, पैसे घेतले नाहीत. डॅशबोर्ड उतरवलेली गाडी ताब्यात घेताना चारही जाळ्या, तिन्ही दिशा आणि सगळे नंबर तिथेच उभं राहून तपासा. मी घाईत फक्त मधल्या जाळ्या तपासल्या होत्या.

१ जूनला अमरावती. परत निघालो तेव्हा दुपारचे साडेबारा. मधल्या जाळीत स्वयंपाकाचा थर्मामीटर खोचला होता, तो ११ अंश दाखवत होता. ब्लोअर दोनवर ठेवला तरी मागे हवा जात होती. आईंच्या मांडीवरचा नॅपकिन घरी येईपर्यंत कोरडाच होता. एक डोळा झाकलेला, तरी बोरगाव मंजूपर्यंत त्या माझ्याशी नणंदेच्या मुलाच्या लग्नाबद्दल बोलत होत्या.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी कप्पा झुकवून फिल्टर बाहेर काढला. तीन महिन्यांत तो पुढून करडा झाला होता, घड्यांमध्ये कडुनिंबाच्या सात-आठ काड्या अडकल्या होत्या आणि एक मेलेला भुंगा. खाचेतून मोबाइल आत घालून परत फोटो काढला. पापुद्रे चमकत होते. फिल्टर पायरीवर आपटून धूळ झाडली आणि परत बसवला. पुढच्या मार्चमध्ये, उन्हाळा लागायच्या आधी, नवीन घालणार आहे.